जावक क्रमांक

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी सहावीतला एक मुलगा स्वतःचा दात रुमालात गुंडाळून माझ्या खिडकीशी आला. रडत नव्हता. "मॅडम, हा पडला," एवढंच म्हणाला. ग्राउंडवर सापडलेलं कुणाचं तरी पेन जमा करायला यावं तसा.

दात पुढचा होता, पक्का. असा दात मुळाकडून धरायचा नाही, वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा. घासूनपुसून चकचकीत करायला जायचं नाही. दुधात ठेवायचा आणि अर्ध्या-पाऊण तासात डेंटिस्टकडे पोचायचं, कारण जितका उशीर तितकी तो परत रुजायची शक्यता कमी. अकरा वर्षांपूर्वी अशाच एका दाताच्या वेळी मी घाबरून डेंटिस्टना फोन लावला होता. त्यांनी सांगितलेलं एका कागदावर लिहिलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. तो कागद आता पिवळा पडलाय, पण मला तो बघावा लागत नाही.

शिपाईमामांना दुधासाठी पिटाळलं. आईचा फोन लागेना. फाईलला वडिलांचाही नंबर होता, पण त्या फाईलच्या कोपऱ्यात मी स्वतःच काढलेली एक छोटी लाल खूण आहे. ती खूण म्हणजे कोर्टाच्या आदेशाची प्रत आत लावलेली आहे आणि मूल वडिलांच्या ताब्यात द्यायचं नाही. मग आजीला फोन केला. आजी घाबरू नयेत म्हणून आधी "तो बरा आहे" म्हटलं आणि मग दाताचं सांगितलं. हा क्रम चुकला तर पलीकडे काय होतं, ते मी एकदा अनुभवलंय. मधल्या वेळात खिडकीशी उभ्या असलेल्या दोन पालकांना फीच्या पावत्या फाडून दिल्या आणि एकाला दाखल्यावरच्या जन्मतारखेतली चूक कशी दुरुस्त होते ते समजावलं. दहा पस्तीसला मुलगा आजीबरोबर रिक्षात बसला.

त्या रात्री वहीत लिहिलं: "१०.०५ ते १०.३५. दात."

एरवी मी हे लिहिलं नसतं. विसरूनही गेले असते. पण त्या पंधरवड्यात मी सगळंच लिहून ठेवत होते, कारण मला पगारवाढ मागायची होती.

खरं म्हणजे ही दुसरी खेप. पहिली खेप चार वर्षांपूर्वीची, आणि तिची आठवण आली की अजून कानशिलं गरम होतात. मुख्याध्यापिका मॅडम राउंडला निघाल्या होत्या. मी मागोमाग गेले आणि जिन्याच्या वळणावर म्हणाले, "मॅडम, ते आपलं... पगाराचं जरा बघता आलं तर बघा ना. घरी जरा खर्च वाढलेत." मॅडम वाईट नाहीत. त्या थांबल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या, "बघू या हं, यंदा बजेट जरा टाइट आहे." तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारली आणि विषय संपला. त्या वर्षीच्या शेवटच्या कार्यक्रमात मला स्टेजवर बोलावून पुष्पगुच्छ दिला, "आपल्या शाळेचा कणा" असं म्हणाले. टाळ्या पडल्या. कण्याला किती मिळतात, हे तिथे कुणी विचारलं नाही.

नंतर कळलं की मी चुकीच्या महिन्यात, चुकीच्या जागी, चुकीचं कारण घेऊन गेले होते. शाळेचं अंदाजपत्रक वर्ष सुरू व्हायच्या कितीतरी आधी ठरतं. ते टाइप मीच करते, म्हणजे मला तर हे ठाऊक असायलाच हवं होतं! आकडे एकदा मंजूर झाले की मुख्याध्यापिकेच्या हातात सहानुभूतीपलीकडे फारसं काही उरत नाही. आणि घरचा खर्च हे कारण खरं असलं तरी चालत नाही. खर्च सगळ्यांचेच वाढतात. तो ऐकणारा मनातल्या मनात स्वतःचा खर्च मोजायला लागतो.

मराठीत "मागणे" या क्रियापदाची एक गंमत आहे. भीकही मागतात, हक्कही मागतात, हिशेबही मागतात आणि माफीही. क्रियापद एकच, पाठीचा कणा मात्र प्रत्येक वेळी वेगळा. जिन्यात मी जे मागत होते ते यातलं पहिलं होतं, आणि समोरच्याने ते तसंच ऐकलं. दुसरा शब्द "कारकून". फारसीतून आलेला. कार म्हणजे काम, कुन म्हणजे करणारा. साधासरळ अर्थ, काम करणारा माणूस. त्याचंच आपण "कारकुनी" केलं, म्हणजे डोकं न लावता केलेलं काम. करणाऱ्याच्या नावातून हिणवण्याचा शब्द निघावा, याला काय म्हणायचं?

मी १९ वर्षं या ऑफिसात आहे. नेमणूकपत्र काढून वाचलं, बहुधा मिळालं त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. त्यात कामं अशी होती: टंकलेखन, पत्रव्यवहार, नोंदवह्या सांभाळणे "व वरिष्ठ सांगतील ती इतर कामे". शेवटचे पाच शब्द मी बराच वेळ बघत राहिले. वहीतली निम्म्याहून जास्त पानं त्या पाच शब्दांत जाऊन बसत होती. दात त्यातच. लाल खूण त्यातच. तीन वेळा बदललेलं फीचं सॉफ्टवेअर, आणि प्रत्येक वेळी रात्री बसून जुना डेटा नव्यात चढवणं, तेही त्यातच. नवीन आलेल्या शिक्षिकेला रजेचा अर्ज कुणाच्या नावाने करायचा ते सांगणं, चिडून आलेल्या पालकाला मॅडमच्या केबिनपर्यंत पोचेस्तोवर निम्मा थंड करणं. हे शेवटचं काम मी इतकं सवयीने करते की वहीत लिहायचंच विसरत होते, चौथ्या दिवशी लक्षात आलं.

वही दहा दिवस ठेवली. एका दिवशी नुसत्या रेघा मारल्या. कुणी मधेच आलं की एक रेघ, फोन वाजला की एक रेघ. संध्याकाळी मोजल्या तर ७३. त्या ७३ रेघांच्या फटींमधून मी त्या दिवशी पगारपत्रकही पूर्ण केलं होतं.

या कामाची मूळ अडचण अशी की ते नीट झालं तर दिसतच नाही. चुकीच्या माणसाच्या ताब्यात मूल गेलं नाही, याची बातमी होत नाही. मुदतीच्या आत गेलेला अहवाल कुणाच्या लक्षात राहत नाही, उशिरा गेलेला मात्र वर्षभर बोलण्यात येतो. म्हणून जो चोख काम करतो त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. वही ठेवली ती एवढ्यासाठीच.

मग पैशांकडे वळले. गेल्या १२ वर्षांच्या पगाराच्या स्लिपा माझ्याकडे होत्या (मी लावलेल्या फायली आहेत, असणारच). दरवर्षी सरासरी ३ टक्के वाढ मिळाली होती. किमती मात्र वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत राहिल्या असं धरून मांडून बघितलं. बारा वर्षांपूर्वीचा पगार १०० धरला, तर ३ टक्क्यांनी तो आज जेमतेम १४३ होतो. पण तेव्हा १०० मध्ये जे यायचं त्याला आज जवळपास १८० लागतात. म्हणजे दरवर्षी "वाढ" मिळूनही माझा पगार आतून २१ टक्क्यांनी आक्रसला होता. तोही अशा काळात, की ज्यात काम दुपटीने वाढलं.

यात एक गोम आहे, ती मला कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघावी लागली. घट २१ टक्क्यांची, पण ती भरून काढायला २६ टक्के वाढ लागते, कारण ते टक्के आता लहान झालेल्या रकमेवर काढायचे असतात. आकडा ऐकणाऱ्याला वाटणार की ही बाई एकदम २६ टक्के मागते! प्रत्यक्षात मी बारा वर्षांपूर्वी जिथे होते तिथेच परत उभं राहायचं म्हणत होते. अनुभवाचा, शिकलेल्या नव्या गोष्टींचा, वाढलेल्या जबाबदारीचा त्यात छदामही धरलेला नव्हता.

पुष्पगुच्छाचं मघाशी सांगितलं. त्याला इतिहास आहे. अमेरिकेत १९५२ मध्ये सेक्रेटरींचा सन्मान म्हणून एक राष्ट्रीय सप्ताह सुरू झाला. साहेबाने त्या आठवड्यात आपल्या सेक्रेटरीला फुलं द्यायची, बाहेर जेवायला न्यायचं, अशी ती रीत. पुढे १९७३ मध्ये बॉस्टनमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या काही जणींनी "नाइन टू फाइव्ह" नावाची संघटना काढली, आणि त्यांची घोषणा अशी होती: गुलाब नकोत, पगार वाढवा. मी हे वाचलं तेव्हा माझ्या टेबलावरच्या काचेखाली त्या कार्यक्रमातला फोटो होता, पुष्पगुच्छासकट. फोटो काढून टाकला नाही. मी त्यात बरी दिसते.

आणखी एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५१ चा एक करार आहे, शंभराव्या क्रमांकाचा. त्यात पुरुष आणि स्त्रियांना "समान मूल्याच्या कामाला समान मोबदला" हे तत्त्व आहे. "समान काम" आणि "समान मूल्याचं काम" यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ज्या ऑफिसात बहुतेक बायकाच असतात, तिथे समान काम करणारा पुरुष तुलनेला आणायचा कुठून? पण समान मूल्य म्हटलं की दुसऱ्याच खात्यातलं, दुसऱ्याच प्रकारचं काम शेजारी ठेवता येतं आणि विचारता येतं: यात किती कौशल्य, किती जबाबदारी, किती ताण? न्यूझीलंडमध्ये नेमकं हेच झालं. तिथे वर्गात शिक्षकांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांचं काम तुरुंगातल्या आणि कस्टममधल्या अधिकाऱ्यांच्या कामाशेजारी ठेवून तपासलं आणि २०२० मध्ये त्यांचा पगार वाढवून दिला. पाठोपाठ २०२२ मध्ये शाळांच्या ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांच्याही दाव्यावर तोडगा निघाला. तुरुंग ऐकून मी आधी हसले. मग त्या आठवड्यात खिडकीशी येऊन ओरडून गेलेला एक गृहस्थ आठवला आणि हसू आवरलं. अर्थात तिथेही पुढे सगळं सुरळीत राहिलेलं नाही. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने कायदा बदलून असे दावे करणं अवघड केलं आणि चालू असलेले दावे थांबवले. मिळालेलं टिकतंच असं नाही.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी अर्ज लिहायला बसले आणि पहिलंच वाक्य लिहिलं: "मी गेली १९ वर्षे या शाळेत निष्ठेने सेवा करत आहे."

ते वाक्य दोन दिवस तसंच होतं. तिसऱ्या दिवशी मी ते खजिनदारांच्या चष्म्यातून वाचलं. एकोणीस वर्षं, कमी पगारात, निष्ठेने. म्हणजे ही बाई एकोणीस वर्षं कुठे गेली नाही. मग आताही जाणार नाही. मग घाई कशाला? ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता, तीच माझ्या विरोधातली सगळ्यात मोठी बाजू होती. वाक्य खोडलं. मन मोठं करून खोडलं असं म्हणणार नाही, चरफडतच खोडलं. त्याजागी लिहिलं की नेमणूक झाली तेव्हा या टेबलावर कोणती कामं होती आणि आज कोणती आहेत. दोन रकाने. डावा रकाना चार ओळींत संपला, उजवा पान उलटून मागे गेला. मग तो कापून पुन्हा एका पानावर आणला, कारण समितीपुढे येणारे कागद मीच लावते आणि दुसरं पान कुणी उलटत नाही हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

दुसऱ्या एका शाळेत माझ्यासारखंच काम करणारी मैत्रीण आहे. ती म्हणाली, "वेडी आहेस का? सगळं कागदावर उतरवून देतेस? डोक्यात ठेव. आपण नसलो की अडतं, हीच आपली किंमत." मला तिचं म्हणणं कळतं, पण पटत नाही. डोक्यात ठेवलेल्या कामाची किंमत आपण रजेवर गेल्यावरच कळते, आणि तेव्हा लोकांना आपली किंमत कळत नाही, आपला राग येतो. शिवाय लाल खुणेसारख्या गोष्टी माझ्या एकटीच्या डोक्यात राहणं धोक्याचंच आहे. तिच्या शाळेत वेतनश्रेणी ठरलेल्या आहेत. तिथे आकड्यावर घासाघीस करता येत नाही, आपलं काम कोणत्या श्रेणीत बसवलंय यावरच बोलावं लागतं. पण तिथेही शेवटी पुरावा लागतो तो कामाचाच. दोन रकान्यांचा कागद तिने माझ्याकडून मागून नेला, ते मात्र सांगायला हवं.

बैठक अंदाजपत्रकाच्या दोन महिने आधी मागून घेतली, लेखी, वेळ आणि विषय घालून. मॅडम आणि खजिनदार सर, दोघंच. खजिनदार सर कागद बघण्याआधीच म्हणाले, "अहो, तुमच्याशिवाय ही शाळा चालत नाही, हे आम्ही सगळीकडे सांगत असतो."

"सर, पगारपत्रकातही सांगा की एकदा," हे उत्तर मला संध्याकाळी घरी चपला काढताना सुचलं. तिथे मी नुसती हसले.

आकडा आधी आपण सांगावा की समोरच्याला सांगू द्यावा, यावर बरंच वाचलं होतं. १९७४ मध्ये ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी एक प्रयोग मांडला. लोकांसमोर आकड्यांचं चाक फिरवलं आणि मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतल्या देशांचं प्रमाण किती टक्के असेल? चाकावर १० आलेल्या गटाचा मधला अंदाज २५ निघाला, ६५ आलेल्यांचा ४५. चाकाचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, तरी पहिला कानावर पडलेला आकडा माणसाला आपल्याकडे ओढतो. मी म्हटलं, चाकावरचा फालतू आकडा एवढं करत असेल तर माझा तर हिशेब करून काढलेला आहे. आधी मीच सांगणार.

सांगितलं. "२६ टक्के."

त्यानंतर जी शांतता पसरली तिची तयारी मी केलेली नव्हती. भिंतीवरचं घड्याळ, बाहेर पी. टी.च्या तासाची शिट्टी. खजिनदार सर कागद बघत होते, मॅडम माझ्याकडे बघत होत्या, आणि मी... मी बोलून गेले, "म्हणजे, टप्प्याटप्प्याने दिलं तरी चालेल." कुणी विचारलं नव्हतं! दहा दिवस वही, बारा वर्षांच्या स्लिपा, शंभराव्या क्रमांकाचा करार, आणि पाच सेकंदांची शांतता मला सोसली नाही. एकोणीस वर्षं खिडकीशी आलेल्या प्रत्येकाची अडचण दोन मिनिटांत सोडवायची सवय. समोरचा माणूस अवघडलेला दिसला की हात आपोआप पुढे होतो. त्या दिवशी समोर अवघडलेला माणूस खजिनदार होता, आणि मी त्याचीही सोय करून दिली.

खजिनदारांनी "टप्प्याटप्प्याने" हा शब्द लगेच उचलला. मग त्यांनी डाव्या-उजव्या रकान्यांवरून बोट फिरवत दोन-तीन प्रश्न विचारले, खरे प्रश्न. फीचं सॉफ्टवेअर बदललं तेव्हा बाहेरून माणूस बोलावला नव्हता का? नाही, मीच केलं. "हे आम्हाला माहीत नव्हतं," म्हणाले. खोटं बोलत नव्हते. त्यांना सांगायला कुणी गेलंच नव्हतं, मीसुद्धा.

तीन आठवड्यांनी निरोप आला. १५ टक्के लगेच, उरलेल्याचा विचार पुढच्या अंदाजपत्रकात, आणि दोन्ही गोष्टी लेखी. घरी येऊन पहिलं काय केलं तर कॅल्क्युलेटर काढला. १४३ वर १५ टक्के म्हणजे १६४. लागतात १८०. अजून १६ मागे आहे. आनंद झाला का, झाला. पण मी त्याला विजय म्हणत नाही, आणि अभिनंदन करायला आलेल्यांना हे १६ सांगते तेव्हा त्यांना ते आवडत नाही.

पत्र मात्र कुणीतरी टाइप करायला हवं होतं, आणि शाळेची पत्रं कोण टाइप करतं? मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं, दोघींनाही जरा हसू येत होतं. त्या सांगू लागल्या, मी लिहू लागले. "विषय: वेतनवाढीबाबत. महोदया, आपण गेली १९ वर्षे दाखवलेल्या निष्ठेची दखल घेऊन..."

माझं पेन थांबलं.

"मॅडम, निष्ठेची नको. कामाची लिहू या का?"

मॅडमनी चष्मा खाली घेतला. एक क्षण वाटलं, जास्तच बोलले. या वेळी मात्र गप्प बसले, पुढे एक शब्द नाही. बाहेर फोन वाजत होता, तो वाजू दिला.

"लिहा," त्या म्हणाल्या. "आणि ते दोन रकाने सोबत जोडा."

जागेवर येऊन पत्र टाइप केलं, शुद्धलेखन एकदा तपासलं, सही घेतली. जावक रजिस्टर उघडून पुढचा क्रमांक टाकला. "कोणास" या रकान्यात स्वतःचं नाव लिहिताना अक्षर जरा नेहमीपेक्षा मोठं आलं. शिक्का मारला, दोन प्रती काढल्या, एक कपाटातल्या माझ्या फाईलला लावली. पंच थोडा वाकडा बसला.